आधी कपडे बदलायची खोली आखा, तलाव नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या बाजूला रहिवासी संघाकडे ८० गुंठ्यांची, म्हणजे दोन एकरांची मोकळी जागा आहे. तिथे सगळ्यांसाठी क्रीडा केंद्र आणि जलतरण तलाव बांधायचा आहे. यादीत ५० मीटरचा ऑलिम्पिक तलाव, लहान मुलांचा तलाव, बॅडमिंटन, व्यायामशाळा, ज्येष्ठांसाठी खोली आणि एक सभागृह आहे. आर्किटेक्टला काय सांगायचं, आणि पहिला आराखडा हातात आला की त्यात काय तपासायचं?

तुमची यादी वाचली. तिच्यात कपडे बदलायच्या जागेचा उल्लेखच नाही. गेली २८ वर्षं मी या प्रकारच्या इमारती आखतोय आणि बहुतेक याद्या मला अशाच मिळाल्या आहेत. तलाव चालतो की ओस पडतो, हे फाटकापासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर ठरतं. म्हणून माझ्या कागदावर आधी ती वाट उमटते आणि तलाव त्यानंतर.

हे मला माझ्याच चुकीने शिकवलं. मी आखलेला दुसरा तलाव नाशिकजवळच्या एका संस्थेचा होता. पाणी स्वच्छ, निळी टाइल, बसायला छान पायऱ्या. पण महिलांच्या चेंजिंग रूमचं दार मी प्रेक्षकांच्या बाजूला काढलं होतं. पोहायच्या कपड्यांत १२-१३ मीटर उघड्यावरून, बसलेल्या लोकांसमोरून चालत गेल्यावर पाण्याची पायरी यायची. एप्रिलमध्ये महिलांची बॅच भरली होती, जूनपर्यंत ती बंद पडली. कुणीही तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी त्यांतल्याच एका काकूंनी शांतपणे सांगितलं, तेव्हा मला कळलं. बॅच पाण्यामुळे नव्हे, दारामुळे बंद पडली होती, आणि ते दार मी काढलं होतं.

तेव्हा आर्किटेक्टला पहिली गोष्ट ही सांगा: कपडे बदलायच्या जागेतून निघालेली व्यक्ती दोन-तीन मीटरच्या आत पाण्याच्या पायरीवर पोचली पाहिजे, आणि ती पायरी तलावाच्या उथळ टोकाला असली पाहिजे. क्रम असा: फाटक, प्रवेशाची खिडकी, चपला काढायची ओसरी, कपाटं, कपडे बदलायच्या खोल्या, संडास, शॉवर, पाणी. चपलेचा पाय आणि ओला पाय एकमेकांना कुठेही भेटता कामा नयेत. जिथे भेटतात तिथे चिखल होतो, आणि तोच चिखल पुढे फिल्टरला खावा लागतो. शॉवर वाटेतच हवा, टाळता येणार नाही असा. बाजूच्या कोपऱ्यातला शॉवर कुणी वापरत नाही. पाय धुवायला साठलेल्या पाण्याची कुंडी जुन्या तलावांवर असते. संध्याकाळपर्यंत तिचंच गटार होतं. त्यापेक्षा पायांवर वाहतं पाणी पडेल अशी फवारणी करा.

या जागेचा आकार ठरवताना जवळपास सगळे चुकतात. समजा ६० जणींची बॅच आहे. आधीची बॅच पाण्यातून निघते तेव्हा पुढची आत शिरत असते, म्हणजे एकाच वेळी १२० जणी कपडे बदलत असतात. खोली ६० जणींची केली तर पहिल्याच आठवड्यात भांडणं. त्यातही महिलांना वेळ जास्त लागतो: केस वाळवायचे असतात, साडी किंवा ड्रेस नीट नेसायचा असतो, सोबत लहान मूल असतं. म्हणून महिलांची बाजू पुरुषांपेक्षा दीडपट धरा. निम्म्या तरी स्वतंत्र बंद खोल्या करा, प्रत्येकीत दोन खुंट्या आणि एक कोरडा कट्टा. कट्ट्याखालची फरशी शॉवरच्या दिशेने उताराची असावी. एक खोली कुटुंबासाठी वेगळी ठेवा. आजोबांना आजी मदत करतात, बाबा पाच वर्षांच्या मुलीला घेऊन येतात, अपंग व्यक्तीसोबत मदतनीस असतो. या सगळ्यांना दोन्ही बाजूंच्या दारावर अवघडायला होतं.

आता तलावाची लांबी. ऑलिम्पिक हा शब्द सभेत टाळ्या घेतो, पण हिशेब पाहा. ५० बाय २५ मीटरचा तलाव आणि २ मीटर खोली म्हणजे २५ लाख लिटर पाणी, १० हजार लिटरचे २५० टँकर. २५ बाय १२.५ मीटरचा, सरासरी १.३५ मीटर खोलीचा तलाव म्हणजे सव्वाचार लाख लिटर, ४२ टँकर. पाऊस लांबला आणि शहरात पाणीकपात लागली की पोहण्याच्या तलावांकडे पहिलं बोट जातं. शिवाय २ मीटर खोलीत शिकणाऱ्याचे पाय टेकत नाहीत. तुमच्याकडे येणाऱ्यांत मोठा भाग शिकणाऱ्यांचा असेल. आपल्या आधीची पिढी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. आता त्या विहिरी शहरात राहिल्या नाहीत, हे काम अशा केंद्रांनीच करायचं आहे. म्हणून २५ मीटरचा तलाव घ्या, उथळ टोक ०.९ मीटर, खोल टोक १.८. खोली दीड मीटर होईपर्यंत तळाचा उतार १२ ला १ (१२ मीटर लांबीत १ मीटर) पेक्षा जास्त नको. त्याच्या पुढे उतार वाढतो ती रेषा तळावर गडद टाइलने दाखवा. या खोलीत सूर मारायचा नाही, हे काठावर चित्रासह लिहा. २५ मीटरमध्ये स्पर्धाही होतात, त्यामुळे चांगल्या पोहणाऱ्या मुलांचं काही अडत नाही.

वाचलेल्या पैशांतून ज्येष्ठांसाठी ८ बाय ५ मीटरचा, १.२ मीटर खोल, उबदार पाण्याचा छोटा तलाव करा. माझा हा आग्रह आहे, आणि कारण हिशेबातच आहे. मोठ्या तलावातलं सव्वाचार लाख लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४९० युनिट उष्णता लागते. छोट्यात ४८ हजार लिटर पाणी, त्याला ५६ युनिट. जानेवारीत नाशिकची पहाट कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत मोठा तलाव गरम ठेवायचा हट्ट धरला तर वीजबिल संघाला झेपणार नाही. छोटा ३२ अंशांवर ठेवणं मात्र सोलर आणि हीट पंपावर जमतं. गुडघे धरलेल्या माणसाला थंड पाण्याचे ५० मीटर काय कामाचे? कोमट पाण्यात कठडा धरून २० मिनिटं चालायला मिळालं तर तो वर्षभर येईल. तिथे पायऱ्यांसोबत उताराची वाट करा, १२ ला १. खोलीचा हिशेब धरला तर ती बरीच लांब होते. जागा पुरत नसेल तर पाण्यात उतरवणारी खुर्ची बसवा.

तापवण्याआधी झाकायचं. पाण्यातली सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनातून जाते, प्रत्येक लिटरमागे ०.६७ युनिट. हिवाळ्यात नाशिकची रात्रीची हवा कोरडी असते. रात्रीत ३ मिलिमीटर पाणी जरी उडालं, तरी मोठ्या तलावातून ९४० लिटर पाणी आणि सव्वासहाशे युनिट उष्णता गेली. गुंडाळता येणारं आच्छादन हीटरच्या आधी विकत घ्या, आणि ते गुंडाळून ठेवायचा रूळ कुठे बसेल हे आराखड्यातच दाखवायला सांगा. नंतर आणलेला रूळ नेहमी वाटेत येतो.

जमिनीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नाशिकमध्ये तलाव इथेच बिघडतात. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा खडक. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ती तलावाच्या भिंतीला लागून ठेवायची नाही. सगळी काढून मुरूम थर देत दाबून भरायचा. हे बहुतेक ठेकेदारांना माहीत असतं. खरा धोका पुढे आहे. खडकात खोदलेला खड्डा परातीसारखा वागतो. आजूबाजूचं पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि खडक ते खाली जाऊ देत नाही. तलाव भरलेला असतो तोवर काही कळत नाही. पण ऑगस्टमध्ये कुणी टाइल दुरुस्त करायला तलाव रिकामा केला की गणित बदलतं. तळाची स्लॅब २५० मिलिमीटरची असेल तर तिचं वजन चौरस मीटरला सुमारे ६२५ किलो. बाहेरचं पाणी स्लॅबच्या बुडापासून १ मीटर वर असेल तर ते चौरस मीटरला १,००० किलोने वर ढकलतं. मग काँक्रीटचा तलाव नावेसारखा उचलला जातो. एका तलावाचं उथळ टोक असं चार बोटं वर आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. नंतर ते परत बसवता येत नाही.

उपाय स्वस्त आहे, पण बांधतानाच करायचा. स्लॅबखाली खडीचा थर, त्यात भोकं असलेले पाइप, आणि ते सगळे एका कोपऱ्यातल्या तपासणी विहिरीत आणून सोडायचे. तलाव रिकामा करण्याआधी त्या विहिरीचं झाकण उघडून पाणी कुठे आहे ते पाहायचं, आणि पंपाने आधी ते उपसायचं. जोडीला तळात दाब सोडणारे व्हॉल्व्ह. दुरुस्ती पावसाळ्यात काढायचीच नाही. छताचं पाणी जिरवायचा खड्डा तलावापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला हवा. चांगल्या हेतूने लोक तो तलावाशेजारीच खोदतात आणि जे पाणी आपण खालून काढतो तेच पुन्हा घालतात. छप्पर १,५०० चौरस मीटर धरलं आणि शहराचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तर गळती सोडून आठ लाख लिटरच्या वर पाणी मिळतं, म्हणजे मोठा तलाव दोनदा भरेल इतकं. ते वाया घालवू नका, फक्त योग्य जागी जिरवा.

जागेजवळून नासर्डी नदी किंवा एखादा नाला जात असेल तर निळी आणि लाल पूररेषा आधी नकाशावर काढून घ्या. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. गोदाघाटावर पुराचं माप आपण दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून घेतो. नाल्याकाठी तसं काही नसतं, म्हणून जुन्या रहिवाशांना विचारा की सप्टेंबर २००८ मध्ये पाणी कुठवर आलं होतं. कारण पंपघर बहुधा जमिनीखाली असतं. पंप पाण्याच्या पातळीखाली असला की त्यात हवा शिरत नाही, म्हणून ते खाली ठेवणं बरोबरच आहे. मात्र वीज गेलेल्या पावसाळी रात्री तिथे साठलेलं पाणी उपसायला जनरेटरवरचा दुसरा पंप हवा, आणि विजेची पॅनेल वरच्या मजल्यावर हवीत.

काँक्रीट पाण्याच्या टाकीच्या मानकाचं, म्हणजे आयएस ३३७० प्रमाणे करून घ्या. टाइल लावण्याआधी तलाव भरा, काँक्रीटला पाणी पिऊ द्या, मग आठवडाभर पातळी मोजा. सोबत उथळ पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून तिचीही पातळी मोजा. दोन्हींत सारखी घट असेल तर ते बाष्पीभवन, तलावात जास्त असेल तर गळती. ठेकेदार या चाचणीला वेळ नाही म्हणतात. तिचं वेळापत्रक करारातच लिहून घ्या.

पाण्याच्या शुद्धीकरणाचे तीन आकडे आराखड्यात शोधा. मोठ्या तलावाचं सगळं पाणी ४ ते ६ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. ५ तास धरले तर तासाला ८४ हजार लिटर, म्हणजे १.६ मीटर व्यासाचे दोन वाळूचे फिल्टर. मुलांच्या तलावाला तासाभरापेक्षा जास्त वेळ नको, आणि त्याचा फिल्टर पूर्ण वेगळा. घाण आणि तेलकटपणा पाण्याच्या वरच्या थरात असतो, म्हणून पाणी काठावरून चारही बाजूंनी गटारात सांडणारा तलाव चांगला. त्याला बॅलन्सिंग टँक, म्हणजे सांडलेलं पाणी साठवणारी टाकी लागते, तुमच्या मापाला ३० हजार लिटरची. १०० माणसं पाण्यात उतरली की साडेसात हजार लिटर पाणी बाहेर सांडतं, लाटांचं वेगळं, आणि बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवायला लागणारं पाणीही तिथूनच येतं. हा टँक लहान करून पैसे वाचवले तर रोज सकाळी पाणी गटारात जातं आणि दुपारी नवं विकत घ्यावं लागतं.

तळातून पाणी ओढणारी जाळी कधीही एकटी नसावी. किमान दोन, एकमेकींपासून ९० सेंटिमीटरपेक्षा लांब, आणि केस किंवा अंग चिकटून अडकणार नाही अशा घुमटाकार झाकणाच्या. अशा एकट्या जाळीला अडकून लहान मुलं गेली आहेत. त्यावर अमेरिकेत २००७ साली वेगळा कायदा करावा लागला. इथे कुणी तपासायला येत नाही, म्हणून तुम्हीच तपासा. क्लोरीन आणि आम्ल एका खोलीत ठेवायचं नाही, दारंसुद्धा वेगळी. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून हवा जायची जाळी भिंतीच्या खालच्या भागात हवी.

छताचा प्रश्न सभेत नक्की निघेल. सगळीकडून बंद, काचेचा, वातानुकूलित तलाव कुणीतरी परदेशात पाहिलेला असतो. नाशिकला तो नको. तलावाचा तो ओळखीचा उग्र वास क्लोरीनचा नसतो; घाम, लघवी आणि क्लोरीन यांच्या संयोगातून बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. बंद हॉलमध्ये तो पाण्यालगत, नेमका पोहणाऱ्याच्या नाकापाशी साठतो. शिवाय ती हवा लोखंड खाते. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे ९ मे १९८५ रोजी तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. ते ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं, त्या त्याच हवेने तडकल्या होत्या. आपल्याला वारा फुकट मिळतो. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, मोठ्या ओसरीसारखं, ६-७ मीटर उंच, हेच इथे शोभतं आणि टिकतं. छप्पर मात्र हवंच. उघड्या उन्हात क्लोरीन तासाभरात निम्म्याखाली येतो, आणि एप्रिलच्या दुपारी काठावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. लोखंड जस्ताचा मुलामा दिलेलं आणि वरून इपॉक्सी रंगवलेलं घ्या. छताची खालची बाजू सपाट ठेवा. कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, उघड्या राहिल्या की महिन्याभरात कबुतरं मुक्काम करतात आणि त्यांची विष्ठा थेट पाण्यात पडते. काळा दगड आपला आहे, भिंतींना जरूर वापरा. पायाखाली फिकट रंगाची, खडबडीत फरशी घाला. शहाबादी ओली झाली की शेवाळाने घसरते.

दिशांचं सांगतो. तलावाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे पोहणाऱ्याच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळचं ऊन जात नाही. उथळ टोक आणि कपडे बदलायच्या खोल्या दक्षिणेला. ती इमारत एकमजलीच ठेवा, नाहीतर हिवाळ्यात तिची सावली पाण्यावर पडते. पश्चिमेला बसायच्या पायऱ्या आणि त्यांच्या मागे भिंत. पावसाळी झड पश्चिमेकडून येते आणि संध्याकाळचं ऊनही तिकडूनच, ती भिंत दोन्ही अडवते. पायऱ्या गोदाघाटासारख्या करा: बसायच्या उंच, मधून चढायच्या बुटक्या. आई-बाबा तिथून मुलांना पाहतील. महिलांच्या बॅचला तिथे पडदा ओढता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. जीवरक्षकाची खुर्ची हलवता येणारी हवी. सकाळी ती पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीशी राहतो आणि पाण्याच्या चकाकीखालचा तळ दिसतो. दहा सेकंदांत नजर सगळीकडे फिरावी आणि वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचता यावं, हा जीवरक्षकांचा नियम आहे. काठावरचा एक खांबसुद्धा तो मोडतो, म्हणून खांब डेकच्या, म्हणजे काठावरच्या फरशीच्या बाहेर न्या.

बॅडमिंटनचा हॉल उंच, ९ मीटर मोकळी उंची, तेव्हा तो उत्तरेला, म्हणजे सावलीचा त्रास नाही. मध्ये किमान ६ मीटरचा मोकळा चौक सोडा, कारण तलावाकडून येणारी दमट हवा लाकडी फरशी फुगवते. त्या चौकाला ज्येष्ठांची खोली, चहाची खिडकी आणि सभागृहाचं दार उघडू द्या. आपल्या जुन्या वाड्यांत सगळ्या वाटा चौकातूनच जायच्या. डिसेंबरात पोहणारे कमी होतील तेव्हा केंद्र याच चौकावर चालेल. व्यायामशाळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही; ती वरच्या मजल्यावर ठेवली तर खालच्या खोलीला वजनांचा दणका बसतो, एवढं पाहा.

झाडं पश्चिमेला लावा, पण काठापासून १० मीटर दूर. कडुलिंबाची पानगळ सुरू झाली की पंपाच्या जाळ्या दिवसातून तीनदा साफ कराव्या लागतात.

आर्किटेक्ट नेमण्याआधी दोन गोष्टी करा. वस्तीतल्या वीस-पंचवीस महिलांना एकत्र बसवून विचारा की कुठल्या वेळेला येतील, सोबत कोण असेल आणि काय असलं तर येणार नाहीत. ते लिहून आर्किटेक्टला द्या. आणि मे महिन्यात, पावसाआधी, जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे खडक लागेपर्यंत खोदून घ्या. माती किती, मुरूम किती, ते लिहून ठेवा. खड्डे बुजवू नका, भोवती भक्कम कुंपण घाला. ऑगस्टमध्ये पुन्हा जा आणि प्रत्येकात पाणी किती वर आलंय ते टेपने मोजा. ते पाच आकडे आणि महिलांची यादी मला पाठवा, मग तलाव नेमका कुठे बसवायचा ते सांगतो.